पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर पित्तनळीला इजा : धावायचं कधी, थांबायचं कधी

वडोदरा : नंदुरबार, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा या सीमेलगतच्या भागात घरात मोठं दुखणं निघालं की मुंबई-नाशिकच्या आधी सुरत किंवा बडोद्याचा विचार होतो. डेडियापाडा, राजपीपळामार्गे रस्ता सोयीचा पडतो. शिवाय गायकवाडी काळापासून रावपुरा, दांडिया बाजार भागात स्थायिक झालेली मराठी घरं असल्याने कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन हे अशा कामांपैकी नेहमीचं. पोटावर तीन-चार छोटी छिद्रं, दुर्बीण, एक-दोन दिवसांत सुटी आणि आठवड्याने टाके दाखवायला परत. बहुतेक पेशंटच्या बाबतीत एवढ्यावर विषय संपतो.

मात्र दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हजारी साधारण तीन ते पाच जणांच्या पित्तनळीला इजा होते. आकडा छोटा आहे, पण ज्याच्या वाट्याला येतो त्याचं पुढचं सगळं आयुष्य त्यावर ठरतं. इजा झाली एवढ्यानेच सगळं बिघडत नाही. ती किती दिवसांनी कळली, मधल्या दिवसांत काय केलं आणि दुरुस्ती कोणी केली, यावर पेशंट कसा राहणार हे ठरतं. दुसऱ्या राज्यात ऑपरेशन करून गावी परतणाऱ्यांसाठी तर हा दिवसांचा हिशेब जास्तच महत्त्वाचा, कारण बऱ्याच वेळा लक्षणं दिसायला लागतात ती घरी आल्यावर.

हे पित्त म्हणजे ॲसिडिटी नव्हे

आपल्याकडे छातीत जळजळलं, आंबट पाणी आलं की 'पित्त झालं' म्हणतात. ते पोटातलं आम्ल. इथे विषय आहे तो यकृतात तयार होणाऱ्या हिरवट-पिवळ्या रसाचा. यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ते एका बारीक नळीने लहान आतड्यात उतरतं. पित्ताशय ही त्या मुख्य नळीला एका छोट्या फाट्याने जोडलेली पिशवी. ती काढली तरी माणसाचं नीट चालतं, कारण पित्त थेट आतड्यात येत राहतं. पण मुख्य नळी कापली गेली किंवा दाबली गेली, तर पित्ताला जायला वाट राहत नाही. एक तर ते पोटात सांडतं, नाहीतर यकृतात तुंबतं. सांडलं तर पोटात जंतुसंसर्ग होतो आणि तुंबलं तर कावीळ.

या शब्दाच्या घोळाने नुकसान होतं. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मळमळ, उलटी सुरू झाली की 'पित्त उसळलं' म्हणून मेडिकलमधून गोळी आणली जाते आणि दोन दिवस तसेच जातात.

इजा होते कशी

ऑपरेशनमध्ये पित्ताशयाचा छोटा फाटा आणि त्याची रक्तवाहिनी एवढंच क्लिप लावून कापायचं असतं. पण जुनी सूज असेल, आतले भाग एकमेकांना चिकटले असतील, तर ओढलेलं पित्ताशय आणि मुख्य नळी एका रेषेत येतात आणि मुख्य नळीच फाट्यासारखी दिसते. सर्जनला आपण बरोबर नळी कापतोय याची खात्री असते. अमेरिकेतल्या लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा २५२ इजांचा अभ्यास केला. त्यात ९७ टक्के प्रकरणांत मूळ कारण हाताची चूक नव्हती, नजरेची फसगत होती. म्हणूनच बऱ्याच वेळा टेबलावर काही चुकल्याचं कुणाच्याच लक्षात येत नाही. बहुसंख्य इजा ऑपरेशन संपल्यानंतर कळतात.

दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन भारतात पहिल्यांदा १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केलं. त्यानंतर ते तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं, आणि चांगलंच झालं. पण इजा दुरुस्त करण्याचं काम तितकं पसरलेलं नाही. ते आजही मोजक्या मोठ्या केंद्रांतच होतं.

घरी आल्यावरचे पहिले दहा दिवस

ऑपरेशननंतर पहिले दोन दिवस खांदा दुखणं नेहमीचं आहे. पोट फुगवायला भरलेल्या गॅसमुळे ते होतं आणि आपोआप कमी होतं. टाक्यांपाशी थोडं ठणकणंही चालतं. लक्षात ठेवायचा साधा नियम असा, की माणसाला रोज कालच्यापेक्षा बरं वाटायला हवं. उलटं व्हायला लागलं की थांबू नये.

खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करावा आणि जवळच्या हॉस्पिटलमध्ये दाखवावं :

• पोटदुखी कमी न होता वाढणं, पोट फुगणं, गॅस किंवा शौच न होणं
• ताप, थंडी वाजून हुडहुडी भरणं
• डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, शौचाचा रंग मातीसारखा फिका होणं, अंगाला खाज
• पोटात ठेवलेल्या नळीतून किंवा टाक्यातून हिरवट-पिवळं पाणी येणं
• जेवण न जाणं, सतत उलट्या, नाडी जलद चालणं

नळी ठेवलेली नसेल तर गळती नाही, असं समजू नये. पित्त आत साठत राहू शकतं आणि सुरुवातीला पोट फक्त जड वाटतं. रक्तात बिलीरुबिन थोडंच वाढलेलं असलं तरी त्याने निर्धास्त होऊ नये.

काविळीबाबत आणखी एक. आपल्या भागात डोळे पिवळे दिसले की कावीळ उतरवणाऱ्याकडे नेण्याची, माळ घालण्याची, झाडपाल्याचं औषध घेण्याची पद्धत आहे. ऑपरेशननंतरची कावीळ म्हणजे नळी बंद झाल्याची खूण असू शकते. तिथे माळेने किंवा काढ्याने वाट मोकळी होत नाही, फक्त आठवडा जातो. ताप आणि कावीळ एकत्र असतील तर तो तातडीचा प्रकार समजावा. तुंबलेल्या पित्तातला संसर्ग रक्तात गेला तर काही तासांत जीव धोक्यात येतो.

बडोद्यात फोनवर बोलताना एक शब्द लक्षात असू द्या. गुजरातीत काविळीला 'कमळो' म्हणतात. डॉक्टरांनी किंवा सिस्टरने 'कमळो छे?' विचारलं तर ते डोळे पिवळे आहेत का, हेच विचारत असतात.

संशय आला की पहिलं काम

अशा वेळी घरच्यांची अपेक्षा असते, की लगेच पोट उघडून नळी शिवून टाकावी. अनेकदा नेमकं तेच करायचं नसतं. तज्ज्ञ ज्या क्रमाने जातात तो असा.

पहिलं, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून पोटात पित्त साठलंय का ते बघणं. साठलं असेल तर सुईने नळी घालून ते बाहेर काढणं. हे काम थांबवून ठेवायचं नसतं. संसर्गासाठी अँटिबायोटिक, सलाईन आणि पोषण हेही सोबतच.

दुसरं, इजा नेमकी कुठे आणि किती, हे पाहणं. त्यासाठी एमआरसीपी हा नळ्यांचा एमआरआय करतात. यकृताच्या रक्तवाहिनीलाही धक्का लागलाय का, हे बघायला सीटी अँजिओग्राफी लागते. नकाशा हातात नसताना केलेली दुरुस्ती फसण्याची शक्यता जास्त.

तिसरं, किरकोळ गळती आणि मोठी इजा वेगळी करणं. पित्ताशयाच्या फाट्याच्या टोकातून पाझर असेल, मुख्य नळी शाबूत असेल, तर तोंडावाटे दुर्बीण घालून ईआरसीपी करतात आणि नळीत स्टेंट ठेवतात. बहुतेक वेळा एवढ्यावर गळती थांबते, पोट पुन्हा उघडावं लागत नाही. स्टेंट मात्र काही आठवड्यांनी काढायचा असतो. तो विसरला तर आतच तुंबतो, म्हणून काढण्याची तारीख कागदावर लिहून घ्यावी. मुख्य नळी पूर्ण कापली गेली असेल तर स्टेंटने भागत नाही. तिथे आतड्याची एक कडी वर आणून यकृताच्या नळीला थेट जोडावी लागते. डॉक्टर तिला हेपॅटिकोजेजुनोस्टॉमी म्हणतात. पुढचा वेळेचा हिशेब मुख्यतः या मोठ्या इजेचा आहे.

दुरुस्ती कधी : दिवसांचा हिशेब

• टेबलावरच कळली तर : पित्तनळीच्या कामात मुरलेला सर्जन तिथे असेल किंवा लगेच येऊ शकत असेल, तर त्याच वेळी दुरुस्ती सर्वांत चांगली. तसा सर्जन नसेल तर खटाटोप न करता पोटात निचऱ्याची नळी ठेवून पेशंटला मोठ्या केंद्रात पाठवणं हाच योग्य उपचार. ती माघार समजू नये.

• पहिल्या ७२ तासांत कळली तर : आतला भाग अजून फार सुजलेला नसतो. पोटात पू नाही, पेशंट स्थिर आहे, नकाशा स्पष्ट आहे आणि तज्ज्ञ हात आहेत, या चारही गोष्टी जुळल्या तर लवकर दुरुस्ती करता येते. वर्ल्ड सोसायटी ऑफ इमर्जन्सी सर्जरी या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही मोठ्या इजेसाठी हेच सांगतात.

• तीन दिवसांनंतर, साधारण तीन आठवड्यांपर्यंत : हा सर्वांत अडचणीचा काळ. सांडलेल्या पित्ताने आतला भाग सुजून ठिसूळ होतो. नळीच्या भिंती पातळ असतात आणि टाके धरत नाहीत. या दिवसांत दुरुस्तीची घाई न करता निचरा, अँटिबायोटिक, आहार आणि गरजेप्रमाणे ईआरसीपी किंवा त्वचेतून यकृतात नळी, असा मार्ग सांगितला आहे.

• तीन आठवड्यांनंतर : गळती थांबली, ताप नाही, पेशंट खातोपितो, वजन सावरतंय, असं झालं की दुरुस्तीचा विचार. बरेच सर्जन सहा आठवडे ते तीन महिने थांबणं पसंत करतात, म्हणजे सूज पूर्ण ओसरते.

• महिन्यांनी किंवा वर्षांनी कावीळ आली तर : नळी हळूहळू अरुंद झालेली असते. इथे फार काळ ढकलू नये. पित्त तुंबून राहिलं तर यकृत कायमचं कडक होऊन सिरॉसिस होतो, आणि मग नुसत्या जोडणीने भागत नाही.

थांबायचं म्हणजे घरी जाऊन स्वस्थ बसायचं असं नव्हे. बाहेरच्या नळीतून रोज पित्त जात असतं, त्यासोबत पाणी आणि क्षारही जातात. नळीतून किती आलं ते रोज मोजून वहीत लिहावं. आकडा एकदम वाढला, एकदम बंद झाला किंवा ताप आला तर लगेच कळवावं. कावीळ असताना रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून व्हिटॅमिन के देतात आणि तपासणी पुन्हा करतात. हे सगळं उपचारातच मोडतं.

वेळेबाबत डॉक्टरांमध्येही पूर्ण एकमत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठव्या दिवसापासून सहा आठवड्यांपर्यंत केलेल्या दुरुस्तीनंतर गुंतागुंत जास्त दिसली, जोडणी किती टिकली यात मात्र फरक पडला नाही. युरोपातल्या अनेक केंद्रांच्या एकत्रित अभ्यासात वेळेचा तितकासा परिणाम दिसला नाही. त्यामुळे दोन सर्जननी दोन तारखा सांगितल्या तर लगेच कुणी फसवतंय असं समजू नये. ती तारीख का, संसर्ग संपलाय का आणि नकाशा झालाय का, हे विचारावं.

कोणाच्या हातून, हा मोठा प्रश्न

तारखेबाबत मतभेद असले तरी हातांबाबत फारसे नाहीत. स्टुअर्ट आणि वे यांच्या १९९५ च्या अभ्यासात मूळ ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच केलेली पहिली दुरुस्ती फक्त १७ टक्के वेळा यशस्वी झाली होती. पित्तनळीच्या तज्ज्ञांनी केलेल्या दुरुस्तीत हेच प्रमाण ९४ टक्के होतं. अमेरिकेतल्या १५ लाखांहून अधिक ऑपरेशनच्या नोंदी तपासणाऱ्या २००३ च्या अभ्यासातही, इजा करणाऱ्या सर्जननेच दुरुस्ती केली तर पुढे मृत्यूचा धोका वाढतो, असं दिसलं. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात नळी आणखी थोडी आखूड होते, आणि पुढच्या सर्जनला जोडायला कमी जागा उरते. म्हणून पहिली दुरुस्ती हीच सर्वांत चांगली संधी.

याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण ब्रिटनच्या अँथनी इडन यांचं आहे. परराष्ट्रमंत्री असताना १२ एप्रिल १९५३ रोजी लंडनमध्ये त्यांचं पित्ताशय काढलं आणि नळीला इजा झाली. त्याच महिन्यात लंडनमध्येच दुसरं ऑपरेशन झालं, पण भागलं नाही. अखेर जूनमध्ये बोस्टनला पित्तनळीचे नावाजलेले सर्जन रिचर्ड कॅटेल यांनी दुरुस्ती केली. इडन सावरले, १९५५ मध्ये पंतप्रधान झाले. पण १९५६ च्या सुएझ संकटाच्या काळात त्यांना पुन्हा तापाने गाठलं. जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, त्याच वर्षी कॅटेल यांनी पुन्हा ऑपरेशन केलं, आणि १९७० मध्ये आणखी एक झालं. देशाचा मंत्री असूनही योग्य हातात पोचायला त्यांना दोन महिने लागले, आणि दुरुस्ती झाल्यावरही दुखणं पाठ सोडायला तयार नव्हतं.

बडोद्यात किंवा कुठेही विचारायचे प्रश्न

बडोद्यात सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं एसएसजी, हे सरकारी हॉस्पिटल १९४९ मध्ये सुरू झालेल्या बडोदा मेडिकल कॉलेजशी जोडलेलं आहे. शहरात मोठी खासगी हॉस्पिटलंही आहेत. हॉस्पिटलचं नाव मोठं आहे एवढ्यावर न जाता, पेशंट हलवण्याआधी फोन करून चार गोष्टी विचाराव्यात :

१. ईआरसीपी आज किंवा उद्या होऊ शकते का?
२. सोनोग्राफी-सीटीखाली त्वचेतून यकृतात नळी घालणारे रेडिओलॉजिस्ट आहेत का?
३. पोट व यकृत-पित्तनळीचे सर्जन आहेत का, आणि अशा जोडण्या ते नियमित करतात का?
४. आयसीयूत जागा आहे का?

एका ठिकाणी सगळं नसेल तर अहमदाबाद किंवा मुंबईला नेण्यात कमीपणा नाही. मात्र पोटात पित्त साठलं असेल तर आधी जवळ कुठेतरी निचरा करून, पेशंट थोडा स्थिर करून मगच लांबचा प्रवास करावा. १०८ ची गाडी राज्याची हद्द ओलांडून नेणार का, हे फोनवरच स्पष्ट करून घ्यावं.

कागद, कार्ड आणि भांडण

पेशंटसोबत जायला हवेत असे कागद : ऑपरेशनची सविस्तर नोट, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनआधीची सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट, नंतरच्या सगळ्या तपासण्या, स्कॅनची सीडी, आणि रेकॉर्डिंग केलं असेल तर ऑपरेशनचा व्हिडिओ. पित्ताशयाच्या बायोप्सीचा रिपोर्टही विसरू नये. पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत आहे. पण वर पाहिलं तसं, ७२ तास हीच इजेच्या दृष्टीने सोन्यासारखी वेळ. त्यामुळे कागद त्याच दिवशी, निदान मोबाइलवर फोटो काढून तरी घ्यावेत.

आयुष्मान भारत कार्ड देशभरातल्या संलग्न हॉस्पिटलमध्ये चालतं. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. राज्याच्या स्वतःच्या योजनेचं कार्ड मात्र शेजारच्या राज्यात चालेलच असं नाही. भरतीआधी हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडे किंवा १४५५५ वर खात्री करावी. दुरुस्तीला दोन-तीन टप्पे लागतात, हे धरूनच पैशाचा अंदाज बांधावा.

रागाचंही बोलायला हवं. इजा कळल्यावर घरच्यांचा संताप स्वाभाविक आहे. पण हॉस्पिटलच्या दारात भांडणात गेलेले दोन दिवस पेशंटच्याच खात्यातून जातात. शिवाय ज्या डॉक्टरांच्या हातून इजा झाली त्यांचा पुढच्या सर्जनला झालेला एक फोन पेशंटच्या फार उपयोगाचा असतो. इजा झाली म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असं कायदाही धरत नाही. लक्षणं दिसूनही दुर्लक्ष झालं का, वेळेवर पुढे पाठवलं का, हे मुद्दे तिथे महत्त्वाचे ठरतात. ग्राहक आयोगाकडे जायला साधारण दोन वर्षांची मुदत असते. उपचाराला तेवढी नसते. आधी पेशंट, मग तक्रार.

दुरुस्तीनंतर

जोडणी चांगली झाली तर बहुतेक पेशंट आपल्या कामाला लागतात. पण जोडलेली जागा पुढे अरुंद होऊ शकते. ते बहुधा पहिल्या काही वर्षांत होतं, कधी दहा वर्षांनीही. म्हणून सुरुवातीला काही महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा यकृताची रक्त तपासणी आणि सोनोग्राफी करावी. थंडी वाजून ताप आला तर मलेरियाच्या गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना आपलं जुनं ऑपरेशन सांगावं. फाइल सुरक्षित ठेवावी, आणि ती कुठे ठेवलीय हे घरातल्या आणखी एकाला तरी माहीत असावं.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी घाबरून ते टाळू नये. सतत त्रास देणारे खडे अंगावर काढले तर सूज वाढते आणि ऑपरेशनच अवघड होतं. फक्त बाहेरगावी ऑपरेशन करणार असाल, तर जमल्यास सुटीनंतर चार-पाच दिवस त्याच शहरात नातेवाइकांकडे राहा. निघताना डॉक्टरांचा रात्रीही लागेल असा नंबर घ्या. गावी पोचल्यावर रोज सकाळी उजेडात पेशंटचे डोळे बघा, आणि कालच्यापेक्षा बरं आहे का, एवढं विचारा.